टोकाची धार

आमच्या कोल्हार गावात बर्फ दिसतो तो फक्त उसाच्या रसात. तरी मी, कमरुद्दीन धारवाल्यांची उझ्मा, अकरा वर्षं बर्फाच्या उतारावर स्कीच्या शर्यती खेळते आहे. कॉलेजात एनसीसीतून गुलमर्गला गेले, पायात स्की अडकवल्या आणि घरच्यांच्या जिवाला कायमचा घोर लावला. यंदा मी तिशी गाठली. भारतीय संघात जायची ही शेवटची संधी. निवडीच्या दोन शर्यती, दोन दिवसांत; दोन्हींतली चांगली तेवढी धरणार.

पहिल्या दिवशी मी तिसऱ्याच झेंड्यापाशी आपटले. स्कीचं टोक बर्फात रुतलं. खोलीवर येऊन कडेवरून अंगठा फिरवला आणि डोक्यात प्रकाश पडला. स्कीच्या लोखंडी कडांना धार हवीच, पण मी पुढची-मागची टोकं मुद्दाम बोथट ठेवते, नाहीतर ती बर्फात रुततात. सुट्टीत स्की घरी होत्या. अब्बांची हयात ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावण्यात गेली. त्यांना अर्धवट धार कशी बघवेल!

मी फोन लावला आणि यथेच्छ तोंड सोडलं.

"तुम्हाला हात लावायला सांगितलं कुणी?"

"मला वाटलं, कुनीतरी कामचुकारपना केलाय," अब्बा म्हणाले. मग लगेच विचारलं, "धारेचा दगड हाय का जवळ?"

"आहे."

"फोन तितंच ठेव. आवाज ऐकू दे मला."

हे काम मला डोळे मिटून येतं. कानस धरायला शिकवलं तेही अब्बांनीच. संघातल्या मुली स्वतःच्या स्की माझ्याकडे घेऊन येतात. पण मी ते बोलले नाही. मुकाट्याने दगड घासू लागले.

"हलक्या हातानं... अजून खरखरतंय... हां, आता थांब."

चारही टोकं त्यांनी अशी नुसत्या कानाने बोथट करून घेतली. ज्या माणसाने जन्मात कुणाची धार घालवली नाही, त्याने माझ्यासाठी स्वतःचीच घालवली. माझा राग केव्हा गेला, कळलंही नाही. असा बाप मिळाला, याचे उपकार कसे फेडायचे?

दुसऱ्या दिवशी मी दुसरी आले. यादीत नाव पाहिलं आणि आधी घरी फोन केला.

"अब्बा, झाली निवड!"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाले, "आता स्की घरी आनशील तवा कुलपात ठेव गं. माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

"कुलपात कशाला?" मी रडत-हसत म्हणाले. "तुमच्याच हातात देणार आहे. टोकं तेवढी सोडा."