फोटोतला बैल

रुपराव सोनकुसरेच्या घरातला शेवटचा हातमाग निघाला आणि त्या खोलीची डार्करूम झाली. विणकरांच्या तांडापेठेत काही जणांनी याला प्रगती म्हटलं, बाकीच्यांनी पोराचं डोकं फिरलं म्हटलं. रुपराव कचेरीत कारकून होता. रविवारी मात्र जुना कॅमेरा गळ्यात अडकवून तो कलावंत व्हायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, अशाच एका रविवारी, शेजारच्या रुख्माबाईने लुगड्याचा ताना, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, गल्लीभर ताणला होता. ती आणि तिचा नवरा शालिकराम सूत कडक व्हावं म्हणून त्याला पेज लावत होते. म्हणजे रुख्माबाई लावत होती. शालिकराम दात घासत होता. तेवढ्यात एक मोकाट बैल आला आणि त्याने तान्यात शिंगं घातली. सूत तटातट तुटलं. रुख्माबाईने बैलाची शेपटी धरली आणि तोंड उघडून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शालिकराम तोंडातलं बोट तोंडातच ठेवून पाहत राहिला. रुपरावने बटण दाबलं.

फोटो पाहून गल्ली पोट धरून हसली. पण गल्लीला फोटोतलं काय कळतं? म्हणून रुपराव तो घेऊन धरमपेठेतल्या फोटोग्राफी क्लबात गेला. तिथले अध्यक्ष वकील गोपाळराव. त्यांनी गेली वीस वर्षं फुटाळा तलावावरचा सूर्यास्त सोडून दुसरं काही टिपलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या अधिकाराबद्दल कुणाला शंका नव्हती.

"छान आहे," गोपाळराव म्हणाले. "पण डावीकडचा हा गृहस्थ काय करतोय?"

"दात घासून राहिला जी."

"कलेत दात घासणं बसत नाही. कापा."

रुपरावने शालिकरामला कापलं. पुढच्या महिन्यात पुन्हा फोटो दाखवला.

"आता डोळा सारखा बैलाकडे जातो," गोपाळराव म्हणाले.

"बैलच तर आला होता जी!"

"आला म्हणून घ्यायचाच का? रस्त्यावर काय काय येतं! कापा."

बैल गेला. पण शेपटी रुख्माबाईच्या मुठीत राहिली. ती कापायची तर मूठही कापावी लागली असती. क्लबाचे सेक्रेटरी रीटचिंगमधले जाणकार. त्यांनी बारीक ब्रशने शेपटीची सुताची लड केली. मग त्यांना रुख्माबाईचं उघडं तोंड खटकलं. एवढा राग पाहून प्रेक्षकाला त्रास होतो, असं त्यांचं मत. त्यांनी पेन्सिलीने तोंड मिटवलं आणि कडा थोड्या वर उचलल्या. गोपाळरावांनी स्वतः नाव दिलं: 'श्रमाचा आनंद'. प्रदर्शनात त्याला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं सूर्यास्ताला.

रुपराव फुशारून गेला. रुख्माबाईला त्याने रिक्षात बसवून प्रदर्शनाला आणलं. ती लग्नाकार्यातलं लुगडं नेसून आली होती. फोटोपुढे वाकून तिने तो निरखला.

"रुपराव, हे बाई कोण हाय गा?"

"काकू, तुम्हीच."

"म्या? मंग हासून काहून राहिली? ताना तुटल्यावर कोणी हासते?"

गोपाळराव पुढे झाले. "बाई, ही कला आहे."

"असन जी. पण बैल कुठं गेला?"

"बैलाची आवश्यकता नव्हती."

"तेच तर म्या त्याले म्हणून राहिली होती!" रुख्माबाई म्हणाली आणि तिथल्या मंडळींना तिने सगळी हकीकत सांगायला घेतली. बैल कुठून आला, शेपटी कशी धरली, ती काय काय बोलली. शिव्या तिने चारचौघांचं भान ठेवून निम्म्याच दिल्या. सूर्यास्तासमोर जांभया देणारी माणसं इकडे येऊन हसू लागली. एका म्हाताऱ्या मास्तरांनी विचारलं, "अहो, तो मूळचा फोटो आहे का कुणाकडे?"

रुपरावचे कान तापले.

परतताना रुख्माबाई म्हणाली, "पयला फोटो ठेवला का फेकला?"

"निगेटिव्ह हाय, काकू."

"मंग तोच काढून दे मले."

दुसऱ्या दिवशी त्याने अख्खा फोटो छापून नेला. शालिकराम आपल्याला पाहून खूश झाला. रुख्माबाईने मात्र फोटो उजेडात धरला आणि नाक मुरडलं.

"बैलाचं तोंड काळं ठिक्कर झालं. मोडकं शिंग दिसूनच नाई राहिलं. पल्याडच्या गल्लीतला बाबूलाल गाडीवाला म्हणते, माहा बैल बांधेलच होता, तुम्ही दुसऱ्याचाच पाह्यला."

रुपरावला त्याच्या कलावंत आयुष्यात पहिल्यांदाच कारणासकट सूचना मिळाली होती. तो डार्करूममध्ये शिरला. प्रिंटवर उजेड पडत असताना तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा बैलाच्या तोंडावर हलवत राहायचं, म्हणजे तेवढा भाग उजळ येतो. चार कागद वाया गेले. पाचव्यावर सगळं स्पष्ट उमटलं: मोडकं शिंग, कपाळावरचा पांढरा ठिपका, गळ्यात लोंबणारं तुटक्या दोराचं टोक.

रुपरावला सोबत घेऊन रुख्माबाईने तो फोटो बाबूलालच्या हातात नेऊन दिला. त्याने तुटक्या दोराच्या टोकावर बोट ठेवलं.

"बैल तर माहाच हाय," तो म्हणाला. मग फोटो जरा लांब धरून, मान वाकडी करून त्याने पुन्हा पाहिला. "पण काय झकास आला गा, रुपराव! मले एक कॉपी देजो."

"पयले बैलाले नवा दोर आण," रुख्माबाई म्हणाली.

दोर त्याच संध्याकाळी आला.