तांदळातली ठेंगणी

मी हौशीराम फोटोवाल्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स. बोलतेय ती तांदळाच्या डब्यातून, तेव्हा आवाज जरा दबका आला तर सांभाळून घ्या. मलमलीच्या पुरचुंडीत बांधून मला गळ्यापर्यंत पुरलंय. तांदूळ आपल्या मावळातलेच, इंद्रायणी. झाकण उघडलं की वास घरभर जातो. घर मात्र मावळातलं नाही. मी इतक्या लांब कशी आले, ते सांगायलाच तोंड उघडलंय.

दिसायला मी अगदी साधी. अंगानं गोल आणि उंचीला चहाच्या पेल्याहूनही बुटकी, म्हणून घरात मला सगळे ठेंगणी म्हणतात. माझ्यात झूम नाही. लांबचं माणूस ओढून जवळ आणायची विद्या मला येत नाही. चेहरा मोठा हवा असेल तर फोटो काढणाऱ्यानं आपल्या पायांनी पुढं जायचं, एवढा एकच माझा नियम. लोकांना तो दोष वाटतो. वाटो बापडा.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला म्हणे. मला आठवतं ते खंडाळ्याच्या एका बंगल्यातलं कपाट. मालकांनी हौसेनं पक्ष्यांचे फोटो काढायला मला आणलं, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की माणूस पाय वाजवत जवळ गेला तर पक्षी काही फांदीवर थांबत नाही. झालं, माझी रवानगी कपाटात. डांबरगोळ्यांचा वास घेत तिथं किती पावसाळे काढले, देव जाणे. पुढं बंगला विकला, तेव्हा आवराआवरीत मालकांनी जुन्या कॅमेऱ्यासकट मला राखणदाराच्या हातात ठेवलं. तो राखणदार म्हणजे मळवलीचा हौशीराम. घरची भातखाचरं होती, आणि जोडीला ही बंगल्याची राखण.

हौशीराम फोटो काढायला शिकला तो लेकीवर. सृष्टी तेव्हा एवढीशी होती. लावणीच्या दिवसांत हातात रोपांची जुडी घेऊन ती बांधावर उभी राहायची आणि हा बाबा चिखलात गुडघे टेकून पुढं पुढं सरकायचा. अगदी जवळ आला की पोरगी चिखलाचं बोट माझ्या काचेवर टेकवायची. हा सदऱ्याच्या टोकानं पुसायचा, ती पुन्हा टेकवायची. त्या खेळात फोटो राहूनच जायचा आणि दोघं हसत सुटायची. लेन्सच्या काचेला बोट लावू नये, हे मलाही कळतं. पण खरं सांगू? माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते.

मग हौशीरामचं नाव झालं. कार्ला गावापासून भाजे गावापर्यंत बारसं म्हणू नका, साखरपुडा म्हणू नका, लग्न म्हणू नका, फोटोला हौशीरामच. त्यानं दुसरी लेन्स आणली, लांबडी. हातभर लांब आणि वजनाला ही! लांबडी आली आणि हौशीरामचे पाय थांबले. मांडवाच्या दारात उभं राहून तो स्टेजवरच्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी टिपायचा. लोक म्हणायचे, बघा, किती गुणी माणूस, कुणाच्या अध्येमध्ये येत नाही. मी पिशवीच्या तळाला पडून हे कौतुक ऐकायची.

पावसाळ्यात मात्र आम्हा सगळ्यांचा मुक्काम एकाच ठिकाणी. आमच्या मावळातला ओलावा तुम्हाला ठाऊकच आहे, कोनाड्यातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. लेन्सच्या काचेत ती शिरली की कोळ्याचं जाळं विणल्यासारखी पसरते. त्यावर संगीताचा, म्हणजे हौशीरामच्या बायकोचा, स्वतःचा उपाय होता. एकेकीला मलमलीत गुंडाळायचं, घट्ट गाठ मारायची आणि तांदळाच्या कोठीत पुरायचं. तांदूळ ओल पिऊन घेतात. एकदा गाठ सैल राहिली आणि कोंड्याचा एक कण माझ्या पोटात गेला, तो अजून तिथंच आहे. त्यानं माझं काही अडलं नाही.

आता लग्नाचं सांगते. सृष्टीचं लग्न ठरलं आदिनाथशी. तो खंडाळ्याच्या हॉटेलात स्वयंपाकी होता आणि मस्कतच्या हॉटेलात जायचं त्याचं पक्कं झालं होतं. फोटो कोण काढणार, हा प्रश्नच नव्हता. लेकीचं लग्न दुसऱ्याच्या हाती द्यायचं होय, म्हणून हौशीरामनंच कॅमेरा गळ्यात घातला. इथवर ठीक. पण कन्यादानाला बसायची वेळ आली तेव्हा यानं थोरल्या भावाला, दत्तोबाला, जोडीनं पुढं केलं. म्हणाला, तुमी बसा, हितं उजेड लय वाईट हाय, मलाच बघाय पायजे. आणि पाठवणीच्या वेळी सृष्टी बापाला शोधत मांडवभर फिरली, तेव्हा हा रस्त्यापलीकडं देवळाच्या पायऱ्यांवर लांबडी लावून उभा.

मी त्या दिवशी त्याच्या जाकिटाच्या खिशात होते. मला दिसलं काही नाही, पण त्याची छाती अशी धडधडत होती की मीही हलत होते. उजेडाचं कारण निव्वळ थाप होती. चारचौघांत हुंदका फुटेल, ही त्याला भीती होती.

फोटो देखणे आले. आत्याच्या, मावशीच्या, शेजारणीच्या गालावरचे आसूसुद्धा मोजून घ्यावेत असे. नव्हता तो फक्त बाप. सृष्टीनं अल्बम एकदा पाहिला आणि मिटून ठेवला. मस्कतला गेल्यावर ती रोज आईशी तासभर बोलायची आणि शेवटी विचारायची, आबा जेवले का? त्यावर हौशीराम लांबूनच ओरडायचा, व्हय, जेवलो. बापलेकीचं बोलणं तेवढंच उरलं.

गेल्या पावसाळ्यात सृष्टी तिकडंच बाळंत झाली. पहिलटकरीण खरं तर माहेरी यायची, पण डॉक्टरांनी विमानाला नको म्हटलं. मग आदिनाथनं सासूसासऱ्यांची तिकिटं काढली. आजीआजोबा पोचले की बारसं करायचं ठरलं. घरात धांदल उडाली. दिंकाचे लाडू झाले, अळीव आले, मेतकूट दळलं, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली. हौशीरामनं आम्हा साऱ्याजणींना कोठीतून काढून घोंगडीवर मांडलं आणि न्यायचं कुणाला हे ठरवायला बसला.

आधी लांबडी गेली पिशवीत. मग फ्लॅश गेला, बॅटऱ्या गेल्या. मला त्यानं हातात घेतलं, काचेवर फुंकर मारली, फोकसचं कडं फिरवून पाहिलं. माझा जीव कसा वरखाली होत होता म्हणून सांगू! मग तो म्हणाला, "तू ऱ्हा हितंच. तुझं काय काम तितं?" आणि पुन्हा माझी पुरचुंडी झाली. त्यानं पिशवी भाताच्या पोत्यांच्या काट्याला अडकवली, तर ती विमानात चालतं त्याहून जास्त भरली. तेव्हा या शहाण्यानं लाडवांचा डबा काढून बाहेर ठेवला. संगीतानं डब्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि सरळ लेकीला फोन लावला.

कोठी माजघरातच, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. बाळंतिणीच्या तोंडचा घास काढून तिथं ही लांबडी बया घातलीय, असं गाऱ्हाणं संगीतानं घातलं. सृष्टी हसली. मग म्हणाली, आबांकडं दे. किती दिवसांनी दिला असेल फोन त्याच्याकडं! हौशीराम भाबडेपणानं सगळं सांगत बसला. तुमची खोली लहान हाय म्हणं, पर काळजी नगं, मी भाईर गॅलरीत हुबा ऱ्हातो, लांबडीतनं समदं येतंय.



"आबा, लांबनंच काढायचे असतील तर मळवलीतनंच काढा की," सृष्टी म्हणाली. "एवढं विमानानं कशाला येताय? लग्नात मी तुम्हाला सगळीकडं शोधलं. तुम्ही रस्त्यापलीकडं होतात." तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला.

हौशीराम पडवीत जाऊन बसला. बाहेर धुकं इतकं दाट की समोरचा लोहगडही दिसत नव्हता. संगीतानं चहा नेऊन दिला, तेव्हा तो म्हणाला, मला रडू येईल म्हणून लांब हुतो गं. ती म्हणाली, "म्हाईत हाय. समद्या गावाला म्हाईत हाय. जिला सांगाय पायजे तिलाच तेवढं म्हाईत न्हाई." आणि ती आत येऊन लेकीसाठी तांदूळ भरू लागली.

सकाळी निघायच्या वेळी हौशीरामनं लांबडीला पिशवीतून काढून फळीवर ठेवलं आणि लाडवांचा डबा जागच्या जागी घातला. मग कोठीत कोपरापर्यंत हात घालून चाचपायला लागला. सगळे तांदूळ उपसले, जमिनीवर सडा पडला, घाम फुटला बिचाऱ्याला.

"ठेंगणी कुटं गेली?"

"ती कवाच निघालीय," संगीता पिशवीचा बंद आवळत म्हणाली. "तुमचंच ठरत नव्हतं."

मी होते लेकीसाठी भरलेल्या तांदळाच्या पिशवीत, संगीताच्या काखेत. विमानतळावर मशीनवरच्या माणसाला तांदळात काहीतरी गोल दिसलं आणि त्यानं पिशवी उघडायला लावली. लेन्स तांदळात कशाला, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. संगीतानं शांतपणे सांगितलं, आमच्यात अशीच ठेवतात. त्यानं एकदा मला पाहिलं, एकदा तिला, आणि जा म्हणाला.

मस्कतला बारसं झालं ते एवढ्याशा खोलीत. पाळणा कुणाचा तरी मागून आणलेला, घुगऱ्या आदिनाथनं स्वतः केलेल्या, आणि त्याच्या हॉटेलातल्या माणसांच्या बायका पाळणा म्हणायला बसलेल्या. आत्या फोनवर होती, म्हणून तिच्या वतीनं संगीतानंच बाळाच्या कानात नाव सांगितलं, ओवी. मी कॅमेऱ्यावर होते, त्यामुळे हौशीरामला लांब राहून चालणारच नव्हतं. गुडघ्यांवर सरकत तो पाळण्यापाशी आला, जसा पूर्वी चिखलातून यायचा. माझ्यातून त्यानं लेकीचा चेहरा पाहिला आणि कॅमेरा खाली घेतला, पुन्हा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला. मला नीट काही दिसेना.

सृष्टीनं हात पुढं केला. "आबा, द्या तो कॅमेरा इकडं." तिनं तो काढून आईकडं दिला आणि ओवीला बापाच्या मांडीवर ठेवलं.

झालं, बांध फुटला. सगळ्यांसमोर हौशीराम ढसाढसा रडला. रडत रडतच म्हणाला, "असं हुईल म्हणूनच त्या दिवशी लांब हुबा ऱ्हायलो गं पोरी." सृष्टी त्याला खेटून बसली. "मग आज रडा, आबा. मी आहे ना जवळ."

आणि संगीतानं, जिनं जन्मात कॅमेरा धरला नव्हता, बटण दाबलं.

तो फोटो वाकडा आहे. आदिनाथचं डोकं कापलं गेलंय आणि कोपऱ्यात संगीताचं बोट आलंय. पण एक गोष्ट ऐका. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या डोळ्यापुढं होते, आणि माझं तोंड कायम पलीकडं, दुसऱ्यांकडं. हौशीराम दिसतो कसा, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. फार मायाळू दिसतो हो.

परत जाताना त्यानं मला काढून सृष्टीच्या हातात दिलं. आदिनाथचा स्वतःचा कॅमेरा आहे, त्याला मी बसते. बाकीच्या वेळी मी या डब्यात. आदिनाथ हसतो, म्हणतो, अगं, इथं वाळवंटात कसली आलीय ओल? सृष्टीचं उत्तर ठरलेलं, आमच्यात अशीच ठेवतात. सणावारी माझ्या अंगावरचे ओंजळभर तांदूळ ती शिजवते, तेही जपून. आता डबा उतरत आलाय. तिकडं मळवलीत नवं भात झोडून झालंय, आणि आबा ते घेऊन स्वतः येणार आहेत, असं काल फोनवर ठरलं. हल्ली फोन आधी आबांकडंच जातो.

ओवी रांगायला लागलीय. येते आणि डब्याचं झाकण बडवते. आज ना उद्या तिच्या हाती लागेन मी, आणि तिचं ओलं बोट माझ्या काचेवर टेकेल. तेव्हा एवढं करा, पुसायची घाई करू नका.