डोरीनच्या कोटावरची जुनी पॉपी

मी एक जुनी कागदी पॉपी आहे, मित्रांनो. लाल पाकळ्या, मधे काळं बटण, बाजूला हिरवं पान, हिरवा प्लॅस्टिकचा देठ. इंग्लंडमधल्या एका कारखान्यात जुन्या सैनिकांनी मला बनवलं. ज्याने माझ्या पाकळ्या बसवल्या त्याला उजवा हात नव्हता. तरी पाकळी जरा वाकडी बसली की तो ती काढून पुन्हा लावायचा. एवढ्या मायेने जन्मले आणि गेले कुठे, तर डोरीन हेबलथ्वेटच्या कोटावर.

युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी इथे नोव्हेंबरात लोक कोटावर पॉपी लावतात, महिना सरला की काढून टाकतात आणि पुढच्या वर्षी डब्यात पैसे घालून नवी घेतात. त्यातून थकल्या, जखमी सैनिकांना आधार मिळतो. डोरीनने मात्र मला खणात जपून ठेवलं. पाच वर्षं! दुकानाच्या दारात जुना सैनिक क्लिफ ॲक्रॉइड दुखऱ्या गुडघ्याने, गळ्यात पॉप्यांचा ट्रे अडकवून उभा असे. डोरीन छाती काढून त्याच्यासमोरून जाई. "मी लावलीय रे, क्लिफ!" मी म्हणजे तिचा फुकटचा पास. मला मान वर करवत नसे.

यंदा क्लिफने तिला थांबवलं. "थांब गं, पान घसरलंय तुझं. घड्याळातल्या अकरावर हवं ते." पहिल्या महायुद्धाच्या तोफा अकरा वाजता थांबल्या, म्हणून इथे पानाचं टोक अकराकडे ठेवतात. तो पान सरळ करत होता, तेवढ्यात शेजारीण बेरिल मागून ओरडली, "अगंबाई, प्लॅस्टिकचा देठ! हल्ली देठसुद्धा कागदाचेच असतात. डोरीन, म्युझियमला दे की ही!"

सगळे हसले. डोरीन माझ्याहून लाल झाली.

"रॉनीची आहे," ती म्हणाली. "त्याने घेतलेली शेवटची."

रॉनी म्हणजे तिचा वारलेला नवरा, क्लिफच्याच पलटणीतला. हसू विरलं. क्लिफ ताठ झाला आणि त्याने कडक सलाम ठोकला. मित्रांनो, आयुष्यात एकच सलाम मिळाला, तोही खोटं बोलून उकळलेला! वाऱ्याने उडून गटारात पडले असते तर बरं, असं झालं मला.

डोरीन दुकानात गेली आणि काही न घेताच परतली.

"क्लिफ, रॉनीची नाही ही. चिकटपणा माझा. दरवर्षी जुनीच लावते मी."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"रॉनीने जन्मात पॉपी लावली नाही. म्हणायचा, मला आठवायला फूल कशाला लागतंय?"

"मग सलाम कशाला केलास, मेल्या?"

"तू त्याचं नाव घेतलंस ना. फार दिवसांनी कुणीतरी घेतलं."

डोरीनने डब्यात पैसे घातले. नवी पॉपी क्लिफनेच तिच्या कोटावर टाचली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मला जपू नका. दरवर्षी नवी घ्या. आणि घेऊन लगेच पळू नका, ट्रे धरून उभ्या असलेल्या माणसाला विचारा, "तुमच्याबरोबर कोण कोण होतं?" तो नावं सांगेल. ती शेवटपर्यंत ऐकून घ्या.