पाण्याच्या काठाला रोवलेली काठी

मित्रांनो, मी वेळूची एक जुनी काठी आहे. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातून मला सोमारी नावाच्या माणसाने आणले. त्याने मला जाळावर शेकून सरळ केले, मोहाच्या बियांचे तेल चोळले आणि खालच्या टोकाला लोखंडी कडे बसवले. माझी पेरे मोजली तर सात भरतात. हे सांगायचे कारण, माझे सगळे काम पेरांवरच चालत आले.

सावली गावाच्या पुढे वैनगंगेच्या पात्रात एक बेट आहे. दिवाळीनंतर पाणी उतरले की सोमारीने मला ज्याला दिले तो इस्तारी आणि त्याची बायको रंभा तिथे झोपडी घालून राहत. जाळे टाकत, वाळूत टरबुजाचे वेल लावत आणि पावसाळ्याआधी गावात परतत. बेटावर चार करंज आणि दोन मोह, एवढीच झाडे. वाऱ्याला अडवणारे कोणी नाही. थंडीत तो धुके घेऊन येतो, चैत्रात वाळू उडवून डोळ्यांत घालतो.

रोज सकाळी दोघे बेटाच्या कडेकडेने एक फेरी मारत. कुठे कड ढासळली, कुठे जाळे अडकले, ते पाहत. निघताना इस्तारी मला पाण्याच्या काठाला रोवून ठेवी. फेरी होईपर्यंत पाणी एक पेर चढले तर सामान आवरायचे. दोन पेरे चढले तर सगळे टाकून उथळ वाटेने पलीकडे निघायचे. नदी ओळखायची त्यांची हीच रीत होती. इस्तारीचा एक गुडघा अधू. पण मी तर रोवलेली, म्हणून तो रंभाच्या खांद्यावर हात ठेवून चाले.

“एवढा भार काऊन टाकता माह्यावर?” रंभा म्हणे. “काठी घेऊन चाला ना.”

“काठी नदीची चाकरी करून राह्यली. मले तू हाये.”

“हो, फुकटची भेटली तुमाले.”

त्यांचे बोलणे एका बाजूने लांब जाई आणि तासाभराने दुसऱ्या बाजूने जवळ येई. मधले बेट मी कधी पाहिले नव्हते.

गेल्या पौषात टरबुजाचे बी लावून झाले आणि पंधरा दिवसांत रंभा तापाने गेली. नदी ओलांडून तिला दवाखान्यात नेले होते. इस्तारी एकटा परत आला. लोक म्हणाले, यंदा बेट सोड. तो म्हणाला, “तिच्या हातचं बी हाये. फळ पिकेपर्यंत मी इथीच.”

दुसऱ्या दिवशी तो फेरीला निघाला, पण मला रोवले नाही. रोवून चालणार कसे? माझ्यावर भार देऊन तो चालू लागला. असे मी बेट पाहिले. एका अंगाला काळे खडक, त्यांवर टिटव्या. दुसऱ्या अंगाला वाळूची लांब पट्टी. पश्चिमेच्या कडेला वारा इतका की म्हाताऱ्याला तिरपे व्हावे लागे. एवढ्या वर्षांनी मला बेट दिसत होते, मला आनंद व्हायला हवा होता. पण पाण्याच्या काठाला आता कोणीच उभे नव्हते. हे इस्तारीलाही कळत असावे. तो फेरी मात्र चुकवत नसे.

चैत्रात फळे धरली. पिकायला आठवडा राहिला असेल. त्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला होता, मग एकदम उलटा फिरला आणि त्याच्याबरोबर ओल्या मातीचा वास आला. सावली गावात दिलेली त्यांची मुलगी रुपाली उथळ वाटेने घाईघाईने आली.

“बाबा, वरच्या अंगाले लय पाऊस पडून राह्यला म्हनतात. चाला घरी.”

“फेरी नाई झाली अजून.”

“आता कोनासाठी फेरी?”

इस्तारीने माझ्यावर भार दिला. तो चालायला लागला. रुपाली त्याच्या पुढे आली. मग तिने त्याच्या हातातून मला काढून घेतले, पाण्यात रोवले आणि त्याचा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवला.

“चाला. पाह्यू तुमचं बेट.”

ते वळणाआड गेले. गारा पडल्या, मग पाऊस. माझे एक पेर बुडाले. दुसरे निम्मे बुडाले, मग पूर्ण. तेव्हा ते दोघे भिजून परत आले. इस्तारी खाली वाकला. पेरे त्यानेच मोजली.

“दोन,” तो म्हणाला. आणि मला उपटले.

वेलांपाशी जाऊन त्याने एक कच्चे टरबूज तोडले, काखेत धरले. एका हातात मी, दुसऱ्या हातात रुपालीचा हात. पाणी कमरेला लागले. मध्यावर त्याचा गुडघा वाकला. टरबूज सांभाळायला त्याने रुपालीचा हात सोडला.

“टाका ते,” रुपाली म्हणाली.

“तुह्या मायच्या हातचं हाये.”

“मी बी तिचीच हाये, बाबा.”

इस्तारीने काख मोकळी केली. टरबूज पाण्यावर हेलकावत गेले. त्याने तिचा हात धरला. मी पुढची जमीन चाचपत राहिले. तिघेही काठाला लागलो. रात्रीतून टरबुजाची वाडी वाहून गेली.

आता मी सावलीला रुपालीच्या दाराशी असते. कडे झिजले आहे, एका पेराला चीर गेली आहे. मला उन्हात टाकू नका, अधूनमधून तेल लावा, एवढे माझे स्वतःचे मागणे.

दुसरे मागणे तुमच्या घरातल्या माणसांसाठी. एखादे म्हातारे माणूस रोज त्याच वाटेने फिरत असेल. त्याला कशाला म्हणून विचारू नका, ओढून घरीही आणू नका. आधी त्याच्याबरोबर एक फेरी मारा. मग चला म्हणा. ते येते.