चार सेकंदांचा नियम

नियम १. रेकॉर्डिंगआधी फोनवर येणारे खासगी मेसेज बंद करावेत.

हा उमेशचा. प्राजक्ताला तो पटला. डहाणू रोडच्या संस्थेत दोघं एकाच दिवशी लागले, एकाच टेबलाशी बसले. भात-बियाण्याची नोंदणी करायचं ॲप शिकवणारे व्हिडिओ दोघांनी मिळून केले : स्क्रीनवर बटणं, वरून प्राजक्ताचा आवाज. आता असे व्हिडिओ कसे करावेत, याचे नियम लिहायचे होते. पुढचे सगळे व्हिडिओ त्याच नियमांनी होणार होते.

नियम ४. प्रत्येक बटण दाबल्यावर चार सेकंद थांबावं.

हा रखमी मावशीचा. तलासरीकडच्या पाड्यावर व्हिडिओ दाखवला तेव्हा तिने फोनच परत दिला.

"तुझं बोट धावतं. मी अक्षर लावते तवर तू पुढच्या गावाला."

"मग किती थांबू, मावशी?"

"मी हं म्हणेपर्यंत."

"हिचं हं व्हायला दिवाळी येईल," शेजारी बसलेली भिकी म्हणाली. बाया हसल्या.

उमेशने सात बायांचे हं घड्याळावर मोजले. बहुतेकींना चार सेकंद पुरले. निघताना प्राजक्ताने त्यांना शब्द दिला, यापुढे थांबणार. परतीच्या वाटेवर चारोटीला चहा पिताना उमेश म्हणाला, "हा नियम कुणी काढायला आला तर मी भांडेन."

नियम २, ३, ५, ६. अक्षर मोठं, नमुन्यातली नावं खोटी, वगैरे. गाळले तरी चालतील.

सोमवारी साहेबांसमोर उमेशने शेवटचा मसुदा पडद्यावर लावला.

नियम ४. शांतता एका सेकंदापेक्षा जास्त नसावी.

प्राजक्ताला वाटलं, चुकून जुनी फाइल उघडली. पण अशी जुनी फाइल नव्हतीच.

"सर, हे चार सेकंद होते."

साहेबांनी पान खाली सरकवलं. तयार करणारे : प्राजक्ता, उमेश. चाचणी : सात महिला, मान्य.

"तुमचंच नाव पहिलं आहे की," साहेब म्हणाले. "छान झालंय. रखडत नाही. उमेश, मुख्य ऑफिसात तूच मांड."

उमेश वहीत काहीतरी लिहीत राहिला.

जिन्यात तिने त्याला गाठलं.

"भांडणार होतास ना?"

"भांडलो ना साहेबांशी, आधीच. पाच मिनिटं. मग त्यांनी व्हिडिओ लांब का होतो विचारलं."

"आणि माझं नाव?"

"पाड्यावर तुझं ऐकतात." तो अगदी साधेपणाने म्हणाला, कौतुक करावं तसं. "माझं एकट्याचं असतं तर बायांनी दहा प्रश्न विचारले असते."

नियम ७.

(इथे काही लिहिलेलं नाही.)

पंधरा दिवसांनी ती पाड्यावर गेली. नवा व्हिडिओ तिच्याआधी पोचला होता. आवाज तिचाच, पण मधले श्वाससुद्धा कापलेले. रखमी मावशीने तो तिच्यासमोर लावला. बटणं भराभर आली नि गेली. शेवटी करणाऱ्यांची पाटी आली आणि पडद्यावर तशीच राहिली.

मावशीने बोट ठेवून वाचलं. "प्रा... ज... क्ता." मग फोन मांडीवर पालथा घातला.

"एवढं मात्र नीट वाचता आलं."

"मावशी, ते मी नाही केलं."

"नाव तुझंच ना?"

"हो."

"आवाज?"

भिकी उठून आत गेली. प्राजक्ताने मान हलवली. हो.