मोनाचा दुखवटा

सासऱ्यांची बहीण धोंडुबाई आत्या मुरगूडहून दिवाळीला आल्या त्या फराळाचा डबा आणि तोंडभर नियम घेऊन. घरात मयत झालंय, अजून वर्ष व्हायचंय, तेव्हा कढई चढवायची नाही, रांगोळी घालायची नाही, मोठ्यानं हसायचं नाही. कढईबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. गेल्या दिवाळीत माझी चकली खाऊन सासऱ्यांचा दात हलला होता. यंदा दुखवट्याचा म्हणून गल्लीतल्या घराघरातून फराळ आला आणि माझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या घरानं दिवाळी चवीनं खाल्ली.

वर्ष वंगाळच होतं, ते मी नाकारत नाही. आधी विश्वजितची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, फौंड्रीतली नोकरी गेली. त्यातून एवढंच बरं झालं की त्याला चहा करता यायला लागला. मग पावसाळ्यात पंचगंगा घरात शिरली, मांडणीपर्यंत चढली आणि जाताना आमच्या लग्नाचा अल्बम घेऊन गेली. त्यातला माझा मेकअप पाहता नदीनं उपकारच केले.

आणि गणपती उठल्यावर सासरे गेले. बाळासो त्यांचं नाव, मी मामंजी म्हणायची. पांढरा रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला, प्यायले, "झक्कास" म्हणाले आणि भिंतीला टेकले ते टेकलेच. असं मरण नशिबानंच येतं, असं जो तो सांगून गेला. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला होता. नुसतं खुणावलं असतं तरी तिसरी वाटी दिली असती की मी!

मामंजींच्या मागे राहिल्या सासूबाई शालूबाई, एक जुनी फटफटी आणि मोना. मोना ही आमची म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवणूक काढतात, आणि शिकवलेली म्हैस मालकाच्या गाडीमागं सुसाट पळते. त्यासाठी मामंजींनी फटफटीचा सायलेन्सर कधीच काढून टाकलेला. रोज संध्याकाळी ते वैरणीचा भारा घेऊन यायचे आणि गोठ्याच्या दारात उगाचच गाडी रेस करत बसायचे. मोना मान वर करून रेकायची. आतून बादली घेतलेल्या सासूबाई ओरडायच्या, "बास करा आता, पेट्रोल संपंल!" मग मोना पान्हा सोडायची. हे इतकं रोजचं होतं की आमचं कुणाचं त्याकडं लक्षच नव्हतं.

मामंजी गेले त्या दिवशी आत्यांनी हुकूम काढला, "गेलेल्या माणसाची गाडी वर्षभर वाजवायची न्हाय." फटफटीवर चादर पडली आणि मोनाचं दूध आटत चाललं. डॉक्टर येऊन सुई मारून गेले. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी लिंबू बांधलं. सासूबाई रोज कासेशी बसायच्या आणि बादलीचा तळ जेमतेम झाकून उठायच्या. आवाज तर त्यांनी त्या दिवसापासून चढवलाच नव्हता.

"आई, दूध देईना झालेल्या म्हशीला वैरण कुठनं घालू मी?" विश्वजित म्हणाला. पाडव्याला फटफटी विकायची आणि दिवाळी झाली की मोना बाजारात न्यायची, असं त्यानं ठरवलं. सासूबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीला गल्लीच्या टोकापर्यंत भांडत नेणारी ही बाई मोनासाठी "बरं" म्हणते, हे ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली.

पाडव्याला दुपारी पेठ वडगावचे जोतीराम फटफटी न्यायला आले. "पावणं, किक जरा दमानं," विश्वजित म्हणाला. पावण्यांनी दमानं मारली. तरी ती अशी गरजली की शेजारच्या पत्र्यावरची मांजरं खाली आली.

गोठ्यात दावं तटकन तुटलं. मोना शेपूट वर करून बाहेर पडली. जोतीरामांनी आरशात बघितलं आणि कुणीही केलं असतं तेच केलं, गाडी पिळली. आवाज वाढला तशी मोनाही वाढली. पावणे घाबरून मोठ्या रस्त्याला लागले ते थेट मिरवणुकीत.

रंगवलेली शिंगं, मोरपिसं, कवड्यांच्या माळा, आणि त्या सगळ्यांना मागं टाकत आमची शेणानं माखलेली मोना. "आली रं! बाळासोची मोना आली!" शिट्ट्या सुरू झाल्या. "माझी म्हस न्हवं ओ ही!" जोतीराम जीव तोडून ओरडत होते. लोकांना वाटलं पावणा लाजतोय. एकानं पळत जाऊन त्यांच्या गळ्यात हारही घातला.

शेवटी पावण्यांनी गाडी भिंतीला टेकवली आणि उभ्या टेम्पोच्या टपावर चढून बसले. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा मोना फटफटीपाशी उभी होती. तिनं सीट हुंगली, हँडल हुंगलं, इकडंतिकडं बघितलं आणि मोठ्यानं रेकली.

सासूबाई अनवाणीच पळत आल्या होत्या. त्यांनी तिच्या गळ्यात हात टाकले. "गाडीवर न्हाईत गं ते," म्हणाल्या, आणि मामंजी गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या. भर मिरवणुकीत, हंबरडा फोडून. डीजेवाल्यानं कुणी न सांगता गाणं बंद केलं. मीही रडले, आणि पदरालाच नाक पुसलं.

टेम्पोवरून आवाज आला, "वहिनी, गाडी तुमची तुमाला ऱ्हाऊ दे. म्हस फुकट दिली तरी नको!"

गाडीशिवाय मोना हलेना. विश्वजित मोनाला हाकायला राहिला, म्हणून गाडीवर मी बसले. सासूबाई मागं बसल्या, मोना त्यांच्या मागं आणि तिच्या मागं माझा नवरा, अशी आमची वरात घरी आली. दारात आत्या कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या.

"वर्ष व्हायचंय अजून! गाडी वाजीवली, मिरवणुकीत गेलासा! दुखवट्याचं काय?"

"वन्सं," सासूबाई म्हणाल्या, "आपण करंज्या खाल्ल्या, च्या पिला, गाढ झोपलो. दुखवटा पाळला तो हिनं एकटीनं. आता तिला तो सोडू द्या की."

आत्या कमरेवरचे हात काढून दारातून बाजूला झाल्या.

संध्याकाळी मी फटफटी गोठ्याच्या दारात लावली. सासूबाई बादली घेऊन कासेशी बसल्या. मी किक मारली, रेस केली. मोनानं मान वर केली, रेकली, आणि धार लागली. त्या आवाजात धारेचा आवाज येत नव्हता, पण फेस काठाकडं चढताना दिसत होता. विश्वजित तिथंच उकिडवा बसून बघत होता, बाजाराचं नाव न काढता. धुरानं खोकणाऱ्या आत्या पेला घेऊन पुढं आल्या.

तेवढ्यात आतून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला, "बास कर आता, पेट्रोल संपंल!"

मी अजून थोडी रेस केली.