वैजयंतीबाईंच्या मुनिया

“सगळ्या दे,” वैजयंतीबाई म्हणाल्या. भाजीवाल्याशी त्या घासाघीस करत, इथे नाही.

वाशीच्या बाजारामागे फुटपाथवर धर्मराज पिंजरे मांडून बसायचा. पुढे दाखवायला लव्हबर्ड, आणि मागे पोत्याखाली रानातून धरलेल्या, चिमणीहून लहान मुनिया. त्या धरणं गुन्हा आणि विकणंही गुन्हा. “नाव धर्मराज आणि धंदे हे,” असं बाई त्याला तोंडावर सुनावत आणि तो हसत हसत पोतं उचलत असे.

जुईनगरला बाईंचं पोळी-भाजी केंद्र होतं. चार बायका हाताखाली, आणि बाईंपुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. अशा या खमक्या बाईला पिंजरा मात्र बघवत नसे. त्यांचे यजमान जयप्रकाशराव अर्धांगवायूनं दोन वर्षं कठडा लावलेल्या पलंगावर पडून होते. एका अमावस्येला ते गेले. आपण त्यांची सुटका करू शकलो नाही, हे शल्य बाईंना बोचत होतं. म्हणून दर अमावस्येला त्या पिंजराभर मुनिया विकत घेत आणि घरामागच्या तळ्याकाठी सोडत. दार उघडायचं, हात जोडून डोळे मिटायचे आणि पंखांची फडफड ऐकायची. तेवढं केलं की पुढचा महिना त्या निभावून नेत.

“आज कमी दिसतात रे,” त्यांनी पिंजऱ्यात डोकावून विचारलं.

“मिळतात कुटं, मावशी? पयले खांदेश्वरच्या मागं गवतात जाळं लावलं का सकाळी पिंजरा फुल. आता तितं एक पन नाय. सगळी आमीच उचलली. या टायमाला पार पेन गावाच्या खाली गेलो.”

“मग कशाला मरायला जातोस एवढ्या लांब?”

“तुमची अमावस्या हाय ना.” धर्मराजनं पिंजऱ्याला फडकं बांधलं. “मुनिया आता घेतो कोन? गिऱ्हाइकाला लव्हबर्ड पायजे. या मी तुमच्यासाठीच धरतो. तुमी नसत्या तर जाळं कवाच गुंडाळून ठेवलं असतं.”

नेहमीच्या गिऱ्हाइकाचा मान ठेवत होता बिचारा. बाईंनी फडकं बाजूला सारून पुन्हा आत पाहिलं.

“सगळ्या जगतात का रे, इथवर?”

“अर्ध्याच जगतात. काय जाळ्यात मरतात, काय पिशवीत. त्या काय तुमाला दाखवायच्या?”

वैजयंतीबाईंनी पिंजरा उचलला. मग वळून ठणकावून सांगितलं, “पुढल्या अमावस्येला मी येणार नाही. माझ्या नावानं एकही धरायची नाही. परत या पोत्याखाली मुनिया दिसली, तर वनखात्याला फोन मीच करीन.”

“मावशी, अन् आमच्या पोटाचं काय?”

“डबे पोचवायला माणूस पाहिजे मला. उद्या ये.”

तळ्याकाठी त्यांनी दार उघडलं. या वेळी डोळे मिटले नाहीत. मुनिया बाहेर पडल्या, जवळच्या गवतापर्यंत कशाबशा गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. दोघी मात्र पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडल्या होत्या. बाईंनी त्यांना ओंजळीत घेतलं. एवढ्या वर्षांत किती मेल्या असतील अशा, याचा हिशेब त्यांना लागेना. त्या दोघींना त्यांनी तिथेच माती उकरून पुरलं.

धर्मराज केंद्रावर आला नाही. फुटपाथवरही नंतर दिसला नाही. दुसरीकडे कुठे बसतो का, याची बाई येणाऱ्या-जाणाऱ्याकडे चौकशी करत राहिल्या.

पुढच्या अमावस्येला त्या नेहमीच्या वेळी तळ्याकाठी गेल्या. वरच्या मजल्यावरची अबोली मोबाईल घेऊन आधीच येऊन थांबली होती. पक्षी सुटतानाचा तिचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना आवडायचा.

“काकू, पिंजरा कुठंय? आज नाही सोडायच्या?”

“आज धरल्याच नाहीत,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

अबोली मोबाईल खिशात टाकून निघून गेली. बाई बाकावर बसल्या. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना समजेना, तेव्हा त्यांनी ते जोडले. गवतात कसलाही आवाज नव्हता. अंधार पडेपर्यंत त्या डोळे उघडे ठेवून तिकडे बघत राहिल्या.